न्यूरेंबर्ग दोन दिवसांत, उतारावरून

म्युनिक आणि फ्रँकफर्टच्या मधलं शहर म्हणून न्यूरेंबर्गच्या वाट्याला बहुतेक सहलींत अर्धा दिवस येतो. सकाळी गाडीतून उतरायचं, सामान ओढत जुन्या शहरात शिरायचं, भर दुपारी किल्ल्याचा चढ चढायचा आणि वर पोचल्यावर कळायचं की खाली पाहिलेल्या चौकातलं बारा वाजताचं घड्याळ हुकलं. शहर लहान आहे, पण चढावर आहे, आणि इथल्या निम्म्या गोष्टी ठरावीक वाराला किंवा ठरावीक वेळेलाच दिसतात. म्हणून आधी वार बघा, मग घड्याळ, आणि मग चढाच्या वरच्या टोकाला पोचून खाली या. असं केलंत तर दोन दिवसांत शहर नीट पाहून होतं आणि पायही शाबूत राहतात.

नाव, वार आणि महिना

स्टेशनवरच्या पाट्यांवर आणि तिकिटांवर 'न्यूर्नबेर्ग हाउप्टबानहोफ' असं जर्मन नाव असतं. 'हाउप्टबानहोफ' म्हणजे मुख्य स्टेशन. पाट्यांवर त्याचं लघुरूप 'हा-बे-एफ' या तीन अक्षरांत दिसतं.

आता वार. चित्रकार ड्यूररचं घर आणि जर्मॅनिशेस नॅशनल म्युझियम सोमवारी बंद असतं. (ड्यूररचं घर उन्हाळ्याच्या काही महिन्यांत आणि नाताळ बाजाराच्या दिवसांत सोमवारीही उघडं असतं.) दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यांचं स्मारक, म्हणजे मेमोरियम, मंगळवारी बंद. किल्ला मात्र वर्षातले चार-पाच सणाचे दिवस सोडले तर रोज उघडा असतो. म्हणजे सोमवार-मंगळवार ही जोडी सगळ्यात वाईट, कारण पहिल्या दिवशी एक गोष्ट हुकते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी. बुधवार-गुरुवार उत्तम. बुधवारी नॅशनल म्युझियम संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, त्यामुळे पहिल्या दिवसाची गर्दी हलकी होते.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद. बव्हेरियात तर इतर दिवशीही सुपरमार्केट रात्री आठला बंद होतात, त्यामुळे साडेआठला जेवणाचं सामान आणायला निघालात तर हात हलवत परत याल. अशा वेळी मुख्य स्टेशनातली दुकानं कामी येतात.

हॉटेलचे दर वर्षातून दोनदा आभाळाला भिडतात: जानेवारीअखेरच्या खेळणी प्रदर्शनाच्या आठवड्यात आणि नाताळ बाजाराच्या काळात. हा बाजार पहिल्या ॲडव्हेंट रविवारच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या) आधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि 24 डिसेंबरला संपतो. तो पाहायचाच असेल तर सोमवार ते गुरुवार, दुपारी तीनच्या आत जा. शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गरम पेयाच्या मगासाठी वेगळी अनामत घेतात. तो मग परत दिलात की अनामत मिळते, ठेवून घेतलात तर तीच त्याची किंमत.

गाडी आणि तिकीट

म्युनिकहून आयसीई ही वेगवान गाडी सव्वा तासाच्या आत पोचते, फ्रँकफर्टहून साधारण दोन तास लागतात. आयसीईचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं, ऐनवेळी फार महाग. म्युनिकहून येताना पर्याय आहे बायर्न-तिकिटाचा. एक ते पाच जणांना मिळून ते काढता येतं, बव्हेरियाभर दिवसभर चालतं आणि न्यूरेंबर्गमधली मेट्रो, ट्राम, बसही त्यात येते. चौघांच्या कुटुंबाला याहून स्वस्त काही नाही.

पण या तिकिटावर लोक दोन ठिकाणी हमखास फसतात. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, त्यामुळे 8:50 च्या गाडीत बसलात तर विनातिकीट. आणि ते फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई-आयसीला नाही. म्युनिक-न्यूरेंबर्ग एक्सप्रेस ही वेगवान मार्गावरून धावणारी गाडी प्रादेशिकच आहे, ती खुशाल घ्या. फलाटावर गाडीच्या क्रमांकाआधी 'आर-ई' किंवा 'आर-बी' ही अक्षरं आहेत ना, एवढं बघून चढा. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची जागा असते. तिथे पेनाने नावं लिहिली नाहीत तर तपासनीस हुज्जत घालतो आणि नियम त्याच्या बाजूने असतो. विनातिकीट प्रवासाचा दंड 60 युरो, माणशी.

विमानाने येत असाल तर काम सोपं आहे. विमानतळाखालूनच यू-2 मेट्रो निघते आणि बारा-तेरा मिनिटांत मुख्य स्टेशनात सोडते. ती चालकाविना धावते. पुढच्या काचेपाशी जागा मिळाली तर बोगदा समोरून बघता येतो, मुलांना तिथेच बसवा.

शहरापुरतं 'टागेस-तिकीट प्लुस' घेतलं की दोन मोठी माणसं आणि चारपर्यंत मुलं एका तिकिटावर दिवसभर हिंडतात. शनिवारी घेतलं तर तेच रविवारीही चालतं. दोन दिवसांत तीनपेक्षा जास्त संग्रहालयं पाहणार असाल तर 48 तासांच्या न्यूर्नबेर्ग कार्डाचा हिशोब मांडून बघा, त्यात प्रवास आणि प्रवेश दोन्ही येतात. दोनच ठिकाणं पाहायची असतील तर कार्ड परवडत नाही.

सामान स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाका. जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे, तिच्यावर चाकांची बॅग अर्ध्या किलोमीटरमध्ये चाक सोडते.

पहिला दिवस: किल्ल्यापासून खाली

स्टेशनातून सरळ चालत निघू नका. मेट्रोने प्लेरर या स्थानकावर जा, तिथे वर येऊन 4 नंबरची ट्राम पकडा. पाटीवर 'आम वेगफेल्ड' ही दिशा हवी. तिसरा थांबा टियरगेर्टनरटोर. उतरलात की तटबंदी समोर आणि किल्ला डोक्यावर असतो. एक छोटा चढ तेवढा उरतो.

किल्ला उन्हाळ्यात 9 ते 6 आणि हिवाळ्यात 10 ते 4 उघडा असतो. उघडताक्षणी आत असावं, कारण अकरानंतर बसभर माणसं येतात. तिकीट एकत्र घ्या: महाल, दुमजली चॅपल, खोल विहीर आणि सिनवेल बुरूज. महालात फार वेळ घालवू नका, पवित्र रोमन साम्राज्याचे बादशहा इथे कायमचे राहत नव्हते, येऊन-जाऊन असत, त्यामुळे दालनं बरीचशी रिकामी आहेत. चॅपल मात्र थांबून बघावं. वरच्या मजल्यावर बादशहा, खालच्यावर दरबारी, आणि मधल्या जमिनीत चौकोनी भोक. प्रार्थना एकच, ऐकायची सगळ्यांनी, पण पायरी ज्याची त्याने सांभाळायची.

विहिरीचं घर बाहेरून एखाद्या चौकीसारखं दिसतं, म्हणून कित्येकजण पुढे निघून जातात. आत खडकात खोदलेली सुमारे 50 मीटर खोल विहीर आहे. वाटाड्या मेणबत्त्या लावलेलं ताट दोरीने खाली सोडतो. उजेडाचं वर्तुळ बारीक होत होत ठिपका होतो. मग तो भांड्यातून पाणी ओततो आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगतो. सेकंद मोजत राहिलात तर मध्येच वाटतं की आवाज हुकला, आणि तेवढ्यात खालून 'चुबुक' येतं. विहीर फक्त वाटाड्यासोबतच बघता येते, म्हणून तिकीट घेतानाच पुढची फेरी कधी ते विचारा आणि मधल्या वेळात बुरूज चढून या.

बुरुजावरून शहर नीट समजतं. मधून पेग्नित्झ नदी, अलीकडे झेबाल्ड चर्चचे दोन मनोरे, पलीकडे लोरेन्झचे दोन, आणि सगळीकडे लाल कौलं. ही कौलं जुनी वाटतात, पण बहुतांश 1945 नंतरची आहेत. 2 जानेवारी 1945 च्या बाँबहल्ल्यात जुन्या शहराचा जवळजवळ सगळा भाग जमीनदोस्त झाला. नंतर रस्ते जुन्याच आखणीवर ठेवले, छपरांचा उतार तोच ठेवला, पण घरं साधी बांधली. म्हणून खाली उतरल्यावर जुनं-नवं ओळखायची खूण लक्षात ठेवा: भिंत गुळगुळीत, खिडक्या एकसारख्या आणि नक्षी नाही, तर इमारत 1950 च्या आसपासची. काळवंडलेला वालुकाश्म, वाकडी चौकट, भिंतीबाहेर आलेली लाकडी खिडकी दिसली, तर थांबा.

साडेदहाच्या सुमारास खालच्या चौकात उतरा. कोपऱ्यावरचं लाकडी चौकटींचं उंच घर आल्ब्रेख्त ड्यूररचं. 1509 पासून 1528 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो इथे राहिला. इथे त्याची मूळ चित्रं असतील या अपेक्षेने जाल तर हिरमोड होईल. इथे बघायचं ते त्याचं स्वयंपाकघर, कामाच्या खोलीतला उजेड आणि छापखाना. ठसा कसा कोरतात, शाई कशी लावतात, दाब कसा देतात ते दाखवण्याचा वार-वेळ तिकीट खिडकीवर विचारा.

ड्यूररचा सगळ्यात गाजलेला ठसा गोव्याहून निघालेल्या एका प्राण्याचा आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याच्याकडून पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट मिळाला. आल्बुकर्कने तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजावर चढवून आपल्या राजाकडे धाडला आणि 20 मेला तो लिस्बनला उतरला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेल्या पत्रावर आणि कच्च्या रेखाटनावर त्याने लाकडी ठसा केला. कातडीला चिलखताचे पत्रे आले, आणि मानेच्या मागे एक जादा छोटं शिंग. त्यानंतर कितीतरी पिढ्या युरोपाने हाच गेंडा खरा मानला. छापील प्रत घरी न्यायची असेल तर या घराच्या दुकानात बघा, आणि ते जादा शिंग शोधा.

सव्वाअकराला निघून झेबाल्ड चर्चमध्ये या. पेटर फिशर आणि त्याच्या मुलांनी 1508 ते 1519 मध्ये ओतलेली संत झेबाल्डची पितळी समाधी हे इथलं मुख्य काम. लोक वर बघतात, तुम्ही वाका. एवढं सगळं ओझं गोगलगायींच्या पाठीवर उभं आहे. एका टोकाला कातडी एप्रन बांधलेला, हातात हत्यारं घेतलेला बुटका माणूस दिसतो, तो स्वतः फिशर.

बाराला दहा कमी असताना हाउप्टमार्क्टमध्ये, म्हणजे मुख्य बाजारचौकात, हजर राहा. फ्राउएनकिर्शच्या दर्शनी भागावरचं 1509 चं यांत्रिक घड्याळ रोज दुपारी बाराला एकदाच चालतं. बसलेल्या बादशहाभोवती लाल पोशाखातले सात निर्वाचक राजे तीन फेऱ्या मारतात. बादशहा निवडण्याचे नियम ठरवणाऱ्या 1356 च्या सुवर्ण फर्मानाची ही आठवण. चर्चला चिकटून उभं राहू नका, मान मोडते आणि काही दिसत नाही. चौकाच्या मध्यावरून उत्तम दिसतं. वरचा निळा-सोनेरी गोळा चंद्रकला दाखवतो. या जागेची दुसरी बाजूही माहीत असावी: इथे ज्यूंची वस्ती आणि सिनेगॉग होतं. 1349 मध्ये पुढे बादशहा झालेल्या राजा चौथ्या कार्लच्या संमतीने ते पाडलं, शेकडो ज्यूंना ठार मारलं आणि त्या जागी हे चर्च आणि हा बाजार उभा राहिला.

चौकातलं मनोऱ्यासारखं कारंजं 19 मीटर उंच आहे. त्याच्या जाळीत अडकवलेली पितळी कडी फिरवून इच्छा मागायची रीत आहे. सध्याचं कारंजं ही प्रतिकृती, मूळचे अवशेष नॅशनल म्युझियममध्ये आहेत.

जेवण, विशेषतः शाकाहारी

इथलं नाव सॉसेजसाठी. न्यूरेंबर्गचं सॉसेज करंगळीएवढं, 7 ते 9 सेंटिमीटर लांब आणि 20 ते 25 ग्रॅमचं, डुकराच्या मांसाचं, मार्जोरमच्या वासाचं. 2003 पासून या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. रस्त्यावर 'द्राय इम वेगला' मागा, म्हणजे पावात तीन. हॉटेलात सहा, आठ, दहा, बारा असे मिळतात. पहिल्यांदा सहा पुरे.

शाकाहारी माणसाने 'फेगेटारिश' एवढंच म्हणून भागत नाही. आंबट कोबीत बऱ्याचदा खारवलेल्या डुकराचे तुकडे असतात. बटाट्याचं सॅलड इथे मेयोनीझऐवजी मांसाच्या पाण्यात भिजवतात. केझश्पेत्झले, म्हणजे चीज घातलेल्या शेवया, यांत मांस नाही पण अंडं असतंच. अंडंही चालत नसेल तर 'ओने आय' हे दोन शब्द पाठ करा. बिनघोर चालणाऱ्या गोष्टी म्हणजे ताजा पाव, चीज, फळं, बाजारातल्या भाज्या आणि तुर्की दुकानातलं फलाफल. एप्रिलपासून 24 जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. शहराच्या उत्तरेच्या शेतांतून ती येते. लोणी आणि उकडलेल्या बटाट्यांसोबत मागा, सोबतचं हॅम नको म्हणून सांगा.

लेबकुखेन, म्हणजे इथली मसालेदार बिस्किटं, घेताना डब्याच्या चित्राला भुलू नका. 'एलिझेन' हा शब्द आहे का बघा. त्यात सुका मेवा किमान 25 टक्के आणि पीठ जास्तीत जास्त 10 टक्के असावं लागतं. अंडं असतं. दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ या वासाने घरची आठवण होणं साहजिक आहे. हे शहर मसाल्याच्या पैशावर वाढलं. 1505 मध्ये लिस्बनहून आपल्या किनाऱ्याकडे निघालेल्या पोर्तुगीज सेनानी आल्मेदाच्या आरमारात इथल्या इमहोफ आणि हिर्शफोगेल घराण्यांनी पैसा गुंतवला होता.

पाण्याची बाटली मागताना 'श्टिल' म्हणा, नाहीतर फसफसणारं पाणी येतं. प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात ते टाकून पावती घ्या.

दुपार: नदी आणि लोरेन्झ

जेवण झाल्यावर परत थोडं वर, वाइसगेर्बरगासे या गल्लीत. ही कातडी कमावणाऱ्यांची गल्ली, बाँबहल्ल्यातून वाचलेल्या लाकडी चौकटींच्या घरांची सलग रांग. गल्ली वळत खाली नदीशी येते. माक्स पुलावर उभं राहून पूर्वेकडे बघा: वाइनचं जुनं कोठार, पाण्यातला बुरूज आणि फाशी देणाऱ्याचा लाकडी झाकलेला पूल. फ्रान्त्झ श्मिट हा जल्लाद इथेच राहत असे, आणि दिलेल्या प्रत्येक शिक्षेची त्याने वही ठेवली. फोटो दुपारी तीननंतर चांगला येतो, तेव्हा ऊन पाठीमागून असतं. हाच नियम म्युझियम पुलावरून दिसणाऱ्या, नदीवर कमानी टाकून बांधलेल्या पवित्र आत्म्याच्या रुग्णालयाला लागू.

लोरेन्झ चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा पर्यटक म्हणून जाऊ नये. आत अधांतरी लटकलेलं फाइट श्टोसचं लाकडी शिल्प आहे, 1518 चं. डावीकडे आडाम क्राफ्टचा दगडी मनोरा, 1493 ते 1496 मध्ये केलेला, सुमारे 20 मीटर. पैसा वर सांगितलेल्या इमहोफांचा. वर जाता जाता छताशी पोचल्यावर दगडाचा शेंडा वेलीसारखा वळतो. खाली गुडघ्यावर बसून सगळा भार पाठीवर घेतलेला दाढीवाला, हातात छिन्नी-हातोडा, तो क्राफ्ट स्वतः. या शहरातल्या कारागिरांना आपल्या कामाच्या तळाशी बसायची हौस होती.

बुधवार असेल तर आता नॅशनल म्युझियम. इतर वारी इतकं सगळं एका दिवसात बसत नाही, तेव्हा ड्यूररचं घर किंवा हे म्युझियम, दोन्हींपैकी एक निवडा, आणि आमचं मत म्युझियमला. 1492 ते 1494 मध्ये केलेला बेहाइमचा पृथ्वीगोल इथे आहे, जगातला सगळ्यात जुना शिल्लक गोल. त्यावर अमेरिका नाही. भारताच्या वाटेवर मात्र मसाल्याबद्दल बारीक अक्षरांत बरंच लिहिलं आहे. ड्यूररची अस्सल चित्रंही इथेच आहेत.

दुसरा दिवस: मैदान आणि न्यायालय

काळाच्या क्रमाने जा: आधी नाझी मेळाव्यांचं मैदान, मग खटल्याचं न्यायालय. ट्रामने डोकू-त्सेंट्रुम थांब्यावर उतरा. अपुरं राहिलेलं काँग्रेस सभागृह समोर दिसतं, 50,000 माणसांसाठी योजलेलं. दस्तऐवज केंद्रात 2021 पासून नूतनीकरण सुरू झालं, म्हणून काय उघडं आहे ते संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघा. तलावाला वळसा घालून त्सेपेलिन मैदानाच्या सज्जापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. इथे सावली नाही, टपरी नाही, स्वच्छतागृह सोयीचं नाही, म्हणून पाणी आणि टोपी आणा. दगड फुटलेले आहेत, जाळी लावलेल्या पायऱ्यांवर चढू नका. उन्हाळ्यात इथे मोटारींची शर्यत आणि रॉक संगीत महोत्सव होतो, त्या दिवसांत मैदान बंद.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. नाझी सलामीची पोझ हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे, गंमत म्हणूनही. आपलं स्वस्तिक धार्मिक चिन्ह आहे हे खरं, पण गळ्यातलं पदक किंवा छापील कुर्ता या ठिकाणी झाकलेला बरा. समजावून सांगायची वेळच येऊ देऊ नये.

न्यायालयासाठी, म्हणजे मेमोरियमसाठी, यू-1 ने फ्युर्थच्या दिशेला, बेरेनशांत्झे स्थानक. 20 नोव्हेंबर 1945 ते 1 ऑक्टोबर 1946 इथल्या 600 क्रमांकाच्या दालनात मुख्य खटला चालला. 2020 पर्यंत हे दालन नेहमीच्या खटल्यांसाठी वापरात होतं. आरोपींच्या पिंजऱ्यामागचं दार तुरुंगाच्या वाटेला उघडायचं. वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन जवळजवळ सगळं मजकुराचं आहे, म्हणून ऑडिओ गाइड घ्या आणि दोन तास राखा. लहान मुलांना इथे आणू नका, कंटाळतील आणि तुम्हालाही बघू देणार नाहीत.

त्यांना त्यापेक्षा किल्ल्याच्या डोंगराखालची खडकातली बिअर-तळघरं आवडतील. तिथे वाटाड्यासोबतच जाता येतं, इंग्रजी फेऱ्या मोजक्या असतात, आणि आत भर उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपास थंडी असते.

गाडीला तास-दोन तास उरले आणि पाय चालत असले तर टियरगेर्टनरटोरहून पश्चिमेला वीस मिनिटांवर योहानिस दफनभूमी आहे. सगळ्या कबरी सारख्या, आडव्या दगडांच्या. फरक फक्त वरच्या पितळी पत्र्यांत, कुणाच्या धंद्याची हत्यारं, कुणाच्या घराण्याचं चिन्ह. दगडावर क्रमांक कोरलेले आहेत. ड्यूररचा 649.